दोन सुतांचा तडा

मोटारसायकलच्या इंजिनाभोवती जी आडवी पाने एकावर एक रचलेली असतात, त्यांना मराठीत काय म्हणावे? कारखान्यातला माणूस ‘फिन’ म्हणतो आणि मोकळा होतो. मराठी शिकवून पोट भरणाऱ्याला असे चटकन मोकळे होता येत नाही. माशाच्या फिनला आपण ‘पर’ म्हणतो. पण माशाचा पर हलतो आणि पाणी मागे सारतो. इंजिनाची फिन जागची हलत नाही, वाराच तिच्या अंगावरून निघून जातो. तेव्हा ‘पर’ जमत नाही. ‘शीतलपर्णिका’ असा एक शब्द मी तयार केला आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरच्या मंडळींपुढे ठेवला. आमच्या कन्येने विचारले, “बाबा, हे खोकल्यावर घ्यायचं की पित्तावर?” त्यानंतर मीही फिनच म्हणू लागलो.

शब्दांवाचून माझे पान हलत नाही, हे या सदराचे नेहमीचे वाचक जाणतातच. पण दिवाळी अंकात संपादक नेहमीच्या दोन स्तंभांऐवजी ऐसपैस जागा देतात, म्हणून या वेळी शब्दाबरोबर एक वस्तूही आणली आहे. वस्तू तशी लहान, अर्ध्या करंजीएवढी आणि साधारण त्याच आकाराची. गेल्या श्रावणात ती दोन आठवडे माझ्या लिहिण्याच्या टेबलावर पेपरवेटसारखी पडून होती, आणि तेवढ्या दोन आठवड्यांत तिच्यावरून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नसेल.

आमच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, बुलेट १९७६ सालची आहे. अप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. राधानगरी, गगनबावडा, भुदरगड असा त्यांचा मुलूख. पावसाळ्यात एस.टी. कधी येईल आणि येईल की नाही, याचा भरवसा नसे; म्हणून त्यांनी ही गाडी घेतली आणि निवृत्तीपर्यंत तिच्यावरून धरणे, कालवे आणि दरवाजे तपासत हिंडले. बुलेट मूळची इंग्लंडची. रेडिच गावच्या कारखान्यात १९३२ पासून या नावाची मोटारसायकल निघू लागली. आपल्या लष्कराला सरहद्दीवर फिरायला ती पसंत पडली आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. १९७० च्या सुमारास मूळ इंग्रजी कंपनी बुडाली, आणि मद्रासची शाखा मात्र तेच इंजिन घडवीत राहिली. सत्तर मिलिमीटर व्यासाचे नळकांडे, त्यात नव्वद मिलिमीटर वरखाली करणारा दट्ट्या. नळकांड्यावर हेड. दोघांच्याही अंगावर फिना.

यात एक गंमत आहे, ती मला आमच्या सौभाग्यवतींनी दाखवून दिली. अप्पांच्या गाडीचे नळकांडे ओतीव लोखंडाचे आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे, असे मी सांगत होतो. ती कणीक मळता मळता म्हणाली, “म्हणजे खाली बीड आणि वर जर्मन.” मी चकित झालो. बिडाचा तवा आणि जर्मनचे पातेले! मराठी स्वयंपाकघरात हे दोन्ही धातू शतकापूर्वीच येऊन बसले, त्यांना आपापली नावेही मिळाली, आणि मी परिभाषा हुडकत बसलो होतो. जर्मनचे पातेले आचेवर ठेवले की लगेच तापते, उतरवले की लगेच निवते. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो, निवायलाही घेतो. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतून उष्णता बिडापेक्षा सुमारे तिप्पट सहज वाहते. जिथे आग सर्वांत जवळ, तिथे जर्मन आणि जिथे दट्ट्याची घासाघीस, तिथे बीड, ही वाटणी तिला आधीच पटलेली होती.

आता अपघाताकडे वळतो. तो सांगायला फार वेळ लागत नाही. आमच्या बोळात एक टेंपो मागे घेत होते. त्याचा मागचा कोपरा उभ्या बुलेटला लागला, बुलेट आडवी झाली आणि हेडची एक फिन जोत्याच्या दगडी पायरीच्या धारेवर आपटली. टेंपोवाला भला माणूस. उतरला, हात जोडले, चौघांना हाका मारून गाडी उभी करून दिली. आमची कन्या गटाराच्या कडेने वाकून काहीतरी शोधत होती. थोड्या वेळाने तिने तो अर्ध्या करंजीएवढा तुकडा रुमालात गुंडाळून आणला. तिने हे केले नसते तर पुढची निम्मी गोष्ट घडली नसती.

अप्पा दारात उभे होते. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत त्यांनी गाडी चालवलेली नव्हती. रविवारी पुसायची, दहा मिनिटे सुरू ठेवायची, एवढेच. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, “झालं तिचं. विकून टाका आता.”

अप्पांनी कुठल्याही गोष्टीविषयी इतक्या लवकर निर्णय दिल्याचे मला आठवत नव्हते.

एका फिनेचा टवका उडाल्याने इंजिनाचे खरोखर काय बिघडते? मी आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना चहाच्या वेळी गाठले. त्यांनी जे समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिच्यातला ढोबळमानाने चौथा हिस्सा, फार तर तिसरा, चाक फिरवायला उपयोगी पडतो. उरलेली उष्णता निघून गेली पाहिजे. काही सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते, पण मोठा वाटा इंजिनाच्या अंगात मुरतो. दट्ट्यावर पेटलेल्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सियसच्या वर जाते. आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम वितळते ६६० अंशांना! मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या बुलेटमध्ये अशी आग मिनिटाला दीड हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा लागते. तरी हेड पाघळत नाही, कारण प्रत्येक आग क्षणाचीच पाहुणी असते आणि तिने दिलेली उष्णता फिना तातडीने वाऱ्याला देऊन टाकतात.

“तुम्ही कपातला चहा बशीत का ओतता?” प्राध्यापकांनी विचारले. त्या वेळी मी तेच करीत होतो. “चहा तेवढाच. पण हवा लागायला जागा वाढली. फिन म्हणजे इंजिनाची बशी.”

ही उपमा मी वर्गात उपमालंकार शिकवताना वापरणार आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. फिन मुळाशी जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. उष्णता मुळातून आत शिरते आणि वाटेत थोडी थोडी वाऱ्याला देत पुढे सरकते. टोकापर्यंत पोहोचेतो तिच्यात फारसा दम राहत नाही. म्हणून टोकाचा तुकडा गेला तर इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. “बशीचा टवका उडाला म्हणून चहा प्यायचं सोडता का?” असे म्हणून त्यांनी स्वतःची बशी संपवली.

हे मी घरी येऊन सांगितले. अप्पांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “विकायचीच आहे.”

जुन्या बुलेटींना हल्ली शौकीन गिऱ्हाईक असते. कोणाच्या तरी ओळखीने पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. गाडी मूळची आहे ना, रंग मूळचा आहे ना, असे दहा प्रश्न त्यांनी विचारले आणि दिवाळीच्या आधी पाहायला येतो म्हणाले. आमचे मेहुणे व्यवहारी. ते म्हणाले, “दोन नळ्यांचा तो चिकटवायचा मसाला मिळतो. तो लावून तुकडा बसवा, वरून रुपेरी रंगाचा हात मारा. पुण्याच्या बापाला कळायचं नाही.”

तो मसाला वाईट असतो असे नव्हे. चांगल्या प्रतीचा असेल तर अडीचशे अंशांपर्यंत टिकतो, आणि फिनेच्या टोकाशी सहसा तेवढे तापत नाही. पण तो उष्णतेला वाट देत नाही. म्हणजे त्याच्या पलीकडचा तुकडा राहतो तो शोभेपुरता. देवळाच्या भिंतीवर रंगवलेल्या खिडकीसारखा. तरी गाडी विकायचीच असेल तर शोभा काही थोडी नाही, असे मेहुण्यांचे म्हणणे.

अप्पांनी चष्मा काढून ठेवला. आमच्या घरात ही चांगली खूण नाही.

“धरणाच्या दरवाजांचे सांधे तपासले मी तीस वर्षं. ठेकेदार वरून रंग मारून आणायचे. रंग खरवडल्याशिवाय एक सांधा पास केला नाही. आता माझ्याच गाडीवर रंग मारून विकू?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “उद्यमनगरात घेऊन जा. काय असेल ते नीट करून घे. मग विकू.”

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शिवाजी उद्यमनगर हा आमच्या शहरातला लेथ, भट्ट्या आणि ओतकामाचा भाग. या गावाला यंत्राचे वेड जुनेच. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये चित्रपटाचा कॅमेरा इथेच स्वतः बनवला. म्हादबा मेस्त्रींचे नाव जुन्या कारागिरांच्या तोंडी आजही आदराने येते. उसाच्या गुऱ्हाळांना इंजिने लागत, इंजिने बिघडत, आणि मोडलेला भाग परदेशातून येईपर्यंत ऊस काही थांबत नसे. म्हणून मोडलेले जोडायला हे गाव शिकले. अशा गल्लीत आमचे मिस्त्री बसतात. साठीचे, बुटके, बोलताना नेहमी हातातल्या वस्तूकडे पाहणारे.

त्यांनी गाडी पाहिली आणि आधी हेड उतरवायला सांगितले. दोन दिवसांनी मी, अप्पा आणि कन्या असे तिघे रिक्षाने गेलो. अप्पांनी येऊ नये असे माझे मत होते, परंतु ते विचारले गेले नाही. व्हॉल्व्ह काढलेले, काजळी खरवडलेली हेड बाकावर होती. मिस्त्रींनी पान्याच्या टोकाने एकेक फिन वाजवली. बाजारात मडके वाजवून घेतात तशी. टण्, टण्, टण्. फुटलेल्या फिनेशी आले तेव्हा मात्र आवाज बद्द आला. पुन्हा वाजवली, पुन्हा बद्द.

“फिन तुटलीया ते सोडा, सर,” मिस्त्री म्हणाले. “त्येला काय हुत न्हाई. कानशीनं धार मारून दिली तरी दहा वर्सं चालंल. पर तडा आत गेलाय का ते बघाय पायजे. खडू हाय का खिशात?”

खडू होता. आमच्या महाविद्यालयात काही वर्गांत अजून काळे फळे आहेत आणि माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात पांढरी भुकटी असते. सौभाग्यवतींची ती जुनी तक्रार आहे. मिस्त्रींनी फिनेच्या मुळाशी रॉकेल चोळले, थोडा वेळ मुरू दिले, मग फडक्याने ती जागा कोरडी ठणठणीत पुसली. माझा खडू कुटून त्याची पूड तिथे शिंपडली आणि आम्ही वाट पाहत उभे राहिलो. चांगल्या धातूवरची पूड कोरडी, पांढरी राहते. जिथे भेग असते तिथे आत शिरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पूड ओलावते. मिनिटाभराने पांढऱ्यावर एक करडी रेघ उमटू लागली. पेन्सिलीने कोणीतरी आतून लिहीत असावे तशी ती पुढे सरकली. फिनेच्या मुळापाशी थांबेल असे वाटले, पण तिथे थांबली नाही. हेडच्या अंगात शिरली आणि मग थांबली.

“दोन सूत,” मिस्त्री म्हणाले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, लोहार, गवंडी अजून याच मापाने बोलतात. दोन सूत म्हणजे पाव इंच. सुतावरून स्वर्ग गाठणारे आम्ही लोक. इथे दोन सुतांत सगळा निकाल होता. मिस्त्रींनी हेड उलटी करून आतल्या बाजूनेही रॉकेल आणि खडू लावला. तिथे काही उमटले नाही. म्हणजे तडा आरपार गेलेला नव्हता. अप्पा वाकून पाहत होते. रेघ त्यांनीही ओळखली होती.

मिस्त्रींनी मग जे सांगितले त्यात या सगळ्या प्रकरणाचे मर्म होते. जो तुकडा सगळ्यांना दिसतो, ज्याच्यासाठी आम्ही दोन आठवडे वाद घालत होतो, त्याला इंजिनाच्या लेखी किंमत नव्हती. जो तडा कोणाला दिसत नव्हता तोच धोक्याचा. हेड तापली की फुगते, निवली की आक्रसते, आणि प्रत्येक वेळी भेगेचे टोक थोडे थोडे पुढे सरकते. मसाला लावून रुपेरी रंग मारला असता तर गाडी वर्षभर झकास चालली असती, आणि मग कोणत्या तरी घाटात हेडने शिट्टी मारली असती. पुण्याच्या गृहस्थांच्या हाताखाली.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या वेळी मेहुणे हजर नव्हते, एवढेच.

दुरुस्तीचा दिवस तीन दिवसांनी ठरला. पहिले काम साफसफाईचे. पन्नास वर्षे तेल पीत आलेले ते अ‍ॅल्युमिनियम; ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत तेल मुरते आणि जोडताना उकळून बुडबुडे धरते, आणि जोड शेवेच्या घाण्यातल्या फसलेल्या शेवेसारखा पोकळ होतो. म्हणून रॉकेलने, मग अ‍ॅसिटोनने धुणे, आणि स्टेनलेस तारेच्या ब्रशाने घासणे. हा ब्रश फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळा टांगलेला होता. लोखंडाला लावलेला ब्रश इथे चालत नाही. सोवळे-ओवळे फक्त स्वयंपाकघरातच असते असे नाही.

मग तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडले. भेग धारदार टोकाने पुढे धावते. टोकाला गोल भोक लागले की धार बोथट होते आणि धाव थांबते. त्यानंतर तडा पूर्ण कोरून काढून इंग्रजी व्हीसारखी खाच केली. हेड जाड लोखंडी पाटावर बोल्टांनी जखडली, म्हणजे तापून वाकडी होऊ नये. फिनेचा तुकडा कन्येने आणला होताच. “पोरीनं तुकडा आणला म्हणून काम सोपं झालं,” मिस्त्री म्हणाले. “न्हाईतर कांडीनं थर चढवून फिन घडवाय लागती, नि मग दिवसभर कानस.”

हेच काम बिडाच्या नळकांड्यावर असते तर रीत वेगळी. तिथे अख्खे नळकांडे निखाऱ्यावर चढवून पितळी कांडीने फिन झाळायची आणि मग राखेत पुरून रात्रभर निवू द्यायची. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतले तर काय होते ते घरोघर ठाऊक आहे.

अ‍ॅल्युमिनियमची अडचण निराळी आहे. लोखंड तापताना सांगते. आधी काळपट लाल, मग लाल, मग पिवळे. अ‍ॅल्युमिनियम काही सांगत नाही. रंग तोच, चेहरा तोच. आणि एकदम बसते. जुने गॅसवाले मिस्त्री म्हणून त्याच्यावर साबणाची रेघ ओढीत. ती काळी पडली की हात आवरायचा. शिवाय त्याच्या अंगावर हवेने चढलेली एक पातळ कातडी असते. आतला धातू ६६० अंशांना वितळतो, पण ही कातडी वितळायला दोन हजारांहून अधिक लागतात. आत पाणी झाले तरी वरची कातडी तशीच ताठ. मिस्त्री हे सांगत असताना माझे लक्ष स्टुलावर बसलेल्या अप्पांकडे गेले. त्यांचे लक्ष बर्नरकडे होते.

हेड बर्नरवर सावकाश तापवली. तापली की नाही हे पाहायला मिस्त्रींनी बोटाने पाण्याचा थेंब उडवला. आंबोळीच्या तव्यावर उडवतात तसाच. थेंब चरचरून विरला. थोड्या वेळाने दुसरा उडवला, तो मोत्यासारखा गोल होऊन नाचत गेला. “झाली,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी तोंडावर काळ्या काचेचा टोप चढवला. दुसरा टोप खुंटीवर होता, तो न विचारता अप्पांच्या हातात दिला. आम्हा दोघांना पाठ फिरवून उभे राहायचा हुकूम झाला, त्यामुळे पुढची पाच-सात मिनिटे मी फक्त ऐकली. आरगॉन वायूची फुसफुस. हा वायू वितळलेल्या धातूभोवती पांघरूण धरतो आणि हवेला शिवू देत नाही. विजेचा एकसारखा घूं घूं आवाज. वीज इथे उलटसुलट दिशेने वाहते. एका फेऱ्यात ती निबर कातडी फोडते आणि दुसऱ्या फेऱ्यात आत उष्णता नेते. मिस्त्री थोडे जोडायचे, थांबायचे. एकदम सगळा जोड भरला तर उष्णता साचते आणि आतल्या व्हॉल्व्हच्या बैठका सैल होतात. अशा एका थांब्यात अप्पांचा आवाज आला, “मुळाशी अजून एक थर हवा.” आणि मिस्त्रींचा, “व्हय साहेब, देतोय.” बऱ्याच वर्षांनी कोणीतरी त्यांना पुन्हा कामावर साहेब म्हटले होते.

हेड गरम वाळूत निवायला ठेवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जाड काचेवर पॉलिशपेपर पसरून तिचा तळ घासून पाहिला. सगळीकडे सारखी चमक आली, म्हणजे वाकलेली नव्हती. पुन्हा रॉकेल, पुन्हा माझा खडू. पूड कोरडी राहिली. मग मिस्त्रींनी कानस उचलली, जोडावरचा उंचवटा सपाट करायला.

“राहू द्या,” अप्पा म्हणाले. “शिवण दिसू दे.”

पुण्याचे गृहस्थ दसऱ्यानंतर आले. सभ्य मनुष्य, गाडीचे जाणकार. अप्पांनी त्यांना चहाच्याही आधी ती शिवण दाखवली. तडा किती होता, कुठपर्यंत होता, भोक कुठे पाडले, सगळे सांगितले. गृहस्थ फिनेवरून बोट फिरवीत म्हणाले, “काम उत्तम आहे. पण मूळ हेड राहिली नाही हो. संग्रहातल्या गाडीला असा डाग दिसला की किंमत उतरते. तुम्ही हे गुळगुळीत करून रंगवून का नाही घेतलंत?”

अप्पांनी त्यांना चकल्या खायला घातल्या, पन्हाळ्याला जाऊन यायचा आग्रह केला, बोळाच्या तोंडापर्यंत पोहोचवायला गेले. परत येऊन म्हणाले, “त्यांना गाडी नको होती, चित्र हवं होतं.”

विकण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. तो संपला असे कोणी जाहीरही केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करीत होतो तेव्हा अंगणातून आवाज ऐकू आले. कन्येला स्कूटर येते, परवानाही आहे, पण १९७६ ची बुलेट म्हणजे निराळे व्याकरण. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. आजच्या गाड्यांच्या नेमके उलटे. आणि किक मारणे हा तर मंत्रविधीच. अप्पा खुर्चीवर बसून काठीने दाखवीत होते.

“मारू नकोस. आधी हळू दाब. अडलं? आता त्या अँपिअरच्या काट्याकडे बघ. मध्यावर आला? आता ही खिट्टी ओढ, किंचित पुढे ने, खिट्टी सोड, किक वर येऊ दे. आता मार. अगं, रागानं नको, वजनानं.”

चार वेळा काही झाले नाही. पाचव्या वेळी बोळातली कबुतरे उडाली.

मिस्त्रींनी हेड बसवताना एक गोष्ट बजावली होती. शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळायचे. नवे पॅकिंग तोवर बसते, आणि तसेच राहू दिले तर सांध्यातून फुसकी सुटते. शंभराच्या आत ताण द्यायचा नाही, आणि शंभराच्या फार पुढेही जायचे नाही. हे शंभर किलोमीटर कोणी तरी घालायचे होते. मला स्कूटरपलीकडे काही येत नाही. अप्पांचे गुडघे. तेव्हा राहिले कोण?

हा मजकूर लिहितो आहे तेव्हा मीटरवर बासष्ट झाले आहेत. रंकाळ्याला फेऱ्या, उद्यमनगरात एकदा मिस्त्रींना आवाज ऐकवायला, दोनदा माझ्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत. म्हणजे अडतीस बाकी. पन्हाळा आमच्याकडून सुमारे २० किलोमीटर, जाऊन येऊन चाळीस. काल रात्री अप्पांनी हा हिशेब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडला आणि सौभाग्यवतींना विचारले की पाडव्याच्या सकाळी फराळ किती वाजता होईल. मागच्या सीटची उंची त्यांनी माझ्या शिवणकामाच्या टेपने मोजून घेतली आहे. गुडघ्याला ती चालेल, असे त्यांचे म्हणणे आहे.